दारात जोडे, खुंटीला कोट

एका बाईला एक गोष्ट येत होती आणि एक गाणं येत होतं. तिने गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही आणि गाणं कधी कुणासमोर म्हटलं नाही. दोघं तिच्या पोटात कोंडून राहिली. एकदा ती तोंड उघडं टाकून झोपली असताना गोष्ट हळूच बाहेर पडली, जोड्यांचं रूप घेऊन दाराशी जाऊन बसली. तिच्या मागोमाग गाणंही निसटलं आणि पुरुषाचा कोट होऊन खुंटीला लटकलं. नवरा घरी आला, बघतो तर दारात परक्याचे जोडे आणि भिंतीवर परक्याचा कोट. तो विचारतो, कोण आलंय? ती म्हणते, कुणी नाही. भांडण पेटलं आणि नवरा घोंगडी घेऊन मारुतीच्या देवळात झोपायला गेला. आता त्या गावात अशी रीत होती, की रात्री घरोघरचे दिवे मालवले की त्यांच्या ज्योती देवळात जमायच्या आणि गप्पा मारत बसायच्या. त्या रात्री एक ज्योत उशिरा आली. का उशीर झाला ते सांगताना तिने जोड्यांचं आणि कोटाचं सगळं गुपित सांगून टाकलं. नवऱ्याने पडल्या पडल्या ते ऐकलं. सकाळी घरी जाऊन त्याने बायकोला विचारलं, तुझी ती गोष्ट कोणती? ते गाणं कोणतं? तिला दोन्ही आठवेनात.

ही कन्नड लोककथा ए. के. रामानुजन यांनी टिपून ठेवली आहे. म्हैसूरला वाढलेला, पुढे शिकागोला शिकवणारा हा कवी तरुणपणी आपल्या शेजारी, बेळगावात प्राध्यापक होता. त्यांचं ‘फोकटेल्स फ्रॉम इंडिया’ हे 1991 सालचं पुस्तक मला कुणी ‘भारतीय पुस्तकांपैकी सुरुवात कशाने करू’ असं विचारलं की सर्वांत आधी आठवतं. 22 भाषांमधल्या तोंडी कथा त्यात आहेत. आणि ती वाचताना सारखं जाणवतं, की गोष्टीला सांगितलं जाण्याची तहान असते, ही समजूत इथे जागोजाग आहे. आपल्या आदित्यराणूबाईच्या कहाणीत काय घडतं? हातात मोती घेऊन बाई श्रोता शोधत फिरते. मोळीविक्याला थांबवते, माळ्याला थांबवते, दुःखात बुडालेल्या म्हातारीला थांबवते. निम्मे मोती श्रोत्याच्या हातात, निम्मे आपल्या हातात, आणि मग कहाणी. सांगणाऱ्यालाही फळ, ऐकणाऱ्यालाही फळ. जगात गोष्ट ऐकवण्यासाठी कुणी मोती मोजत असेल असं मला लहानपणी वाटलं नव्हतं, आणि मोठेपणी तर त्याचं नवल वाढतच गेलं.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिच्या वाढदिवसाला मी दरवर्षी पुस्तकं नेते आणि तिची आई मला दरवर्षी विचारते, हे लहान मुलांचं आहे ना? या प्रश्नाने मला खरा शोध लावून दिला. आपल्या देशातली उत्तमोत्तम पुस्तकं घेऊन बसलं तर लहानांचं कपाट आणि मोठ्यांचं कपाट वेगळं करताच येत नाही.

‘लीलावती’ घ्या. पाटीगणिताचा हा ग्रंथ भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा एक भाग, 1150 सालचा. तेव्हा भास्कराचार्यांचं वय 36. ग्रंथ सगळा पद्यात आहे आणि त्यातली गणितं पाठ्यपुस्तकातल्यासारखी कोरडी नाहीत. भुंग्यांचा एक थवा आहे. त्यातले एकपंचमांश कदंबाच्या फुलावर गेले, एकतृतीयांश शिलींध्रावर गेले, या दोन आकड्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या फुलावर गेले. उरला एक. तो केतकी आणि मालती यांच्या सुगंधांत अडकून हवेतच घिरट्या घालतोय. तर थव्यात भुंगे किती? भाचीने बोटं मोडत, चुकत, पुन्हा मांडत उत्तर काढलं: 15. तीन, पाच, सहा आणि तो एक. पण उत्तर आल्यावर ती जे म्हणाली ते मला महत्त्वाचं वाटलं. ती म्हणाली, “मावशी, तो शेवटचा भुंगा कुठे गेला मग?” आठशे सत्तर वर्षांपूर्वीच्या गणिताच्या पुस्तकाने एका मुलीला भुंग्याची काळजी लावली.

दुसरं गणित तिला त्याहून आवडलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप बिळापासून सत्तावीस हातांवरून बिळाकडे सरपटत येतोय. मोराने तिरपी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर मोराने सापाला गाठलं? उत्तर बारा हात. कागदावर काटकोन त्रिकोण काढला की नऊ, बारा आणि पंधरा या बाजू आपोआप दिसतात. तो त्रिकोण शाळेत मी शंभरदा काढला होता, पण त्यात कधी मोर नव्हता.

आणि मोठ्यांना थक्क करणारा भाग पुढेच आहे. शंकराच्या दहा हातांत दहा वेगवेगळी आयुधं. हातांतली आयुधं आपसात बदलत राहिली तर मूर्तींचे किती प्रकार होतील? भास्कराचार्य उत्तर देतात: 36,28,800. मग विचारतात, विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्म यांचे किती? चोवीस. इथे मी पुस्तक मिटून बसले. घरी आजोबा संध्या करताना केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं घ्यायचे. ती चोवीसच का, हे कधी विचारलं नव्हतं. चार वस्तू चार हातांत ठेवण्याच्या रीती नेमक्या चोवीस भरतात, आणि मूर्तिशास्त्रात प्रत्येक रीतीला एक नाव आहे. आचमनाच्या पळीत क्रमपर्यायाचं गणित होतं!

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाची वेळ चुकली, ही कथा आपण ऐकलेली असते. ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 साली केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून. तिचा खरेपणा ठरवायला आपल्याकडे साधन नाही. मूळ ग्रंथात ‘बाले’, ‘सखे’ अशी संबोधनं आहेत हे मात्र खरं. गणित कुणीतरी कुणालातरी जवळ बसवून शिकवतंय असा सूर त्यात आहे. मराठीत वाचायची असेल तर ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ ग्रंथालयात शोधा.

‘पंचतंत्रा’ची वाट याच्या उलट दिशेने गेली. ते लिहिलं राजकारणासाठी. महिलारोप्य नगरीच्या राजाचे तीन मुलगे शिकत नव्हते आणि विष्णुशर्म्याने त्यांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायचं पत्करलं, अशी त्याची चौकट. सहाव्या शतकात इराणच्या खुसरो अनुशिर्वानचा वैद्य बुर्झोय ते इथून घेऊन गेला. तो निघाला होता मेलेल्याला उठवणारी वनस्पती शोधायला, असं फिरदौसी सांगतो, आणि हाती लागलं पुस्तक. पहलवीतून आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते अरबीत नेलं. करटक आणि दमनक हे आपले दोन कोल्हे तिथे कलीला आणि दिम्ना झाले. तिथून युरोप. आज ते सर्वत्र मुलांच्या कपाटात आहे, पण एकदा मोठ्या वयात सबंध वाचा. मैत्री कशी फोडली जाते याचं इतकं बारीक निरीक्षण मी क्वचित कुठे वाचलंय.

आता या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट, जी वाचायची नसून आधी हातात धरायची आहे. चेन्नईच्या तारा बुक्सचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’. 2006 साली निघालेलं हे पुस्तक काळ्या, खरबरीत, हातकागदावर आहे आणि त्यातलं प्रत्येक चित्र रेशमी जाळीतून शाई दाबून हाताने छापलेलं आहे. एक रंग, वाळवण, मग दुसरा रंग. शिलाई हाताने. प्रत्येक प्रतीवर तिचा क्रमांक. उघडलं की आधी वास येतो, शाईचा आणि कागदाचा. चित्रं तीन गोंड कलावंतांची: भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती. कल्पना अशी, की झाडं दिवसभर सगळ्यांसाठी राबतात, सावली देतात, चारा देतात, आसरा देतात; रात्री ती त्यांच्या स्वतःच्या रूपात येतात. म्हणून कागद काळा. 2008 साली बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात या पुस्तकाला पारितोषिक मिळालं, पण मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या भिंतींवरून ही चित्रकला कागदावर कशी आली, याचा विचार करताना ते पारितोषिक मला लहान वाटतं.

भज्जू श्याम यांना एकदा लंडनच्या एका भारतीय हॉटेलच्या भिंती रंगवायला बोलावलं. त्या प्रवासातून 2004 साली ‘द लंडन जंगल बुक’ झालं. ‘जंगल बुक’ लिहिणारा साहेब भारतातल्या रानाकडे पाहत होता. इथे रानातला माणूस साहेबाच्या शहराकडे पाहतो. जमिनीखालून धावणारी रेल्वे त्याला गांडुळासारखी दिसते. बिग बेनचं घड्याळ म्हणजे वेळ सांगणारा कोंबडा, कारण गोंडांचा वेळ कोंबडाच सांगतो. नेहमीची बस म्हणजे इमानी कुत्रा. मी हे पुस्तक एका बैठकीत तीनदा पाहिलं. नव्या जागी गेलेला माणूस आपल्या घरचीच अक्षरं घेऊन ती जागा वाचतो, हे इतकं सरळ कुणी चितारलं नव्हतं.

याच परंपरेतलं ‘भीमायन’ मात्र तुम्हाला आत कुठेतरी हलवून सोडतं. 2011 साली नवायन प्रकाशनाने काढलेलं हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चित्रचरित्र; चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. चित्रकथेत चौकटी असतात, पण व्याम पतिपत्नींनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. त्यांच्या पानांना गोंडांच्या भिंतीवरच्या दिगना नक्षीसारख्या मोकळ्या वेली आहेत. संवादाचे फुगे पाहा. प्रेमळ बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आहेत. जातीचं विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे. मनातल्या विचाराला डोळा आहे, कारण मनही पाहतं. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली लहान भावंडं मसूरच्या स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नसतं, जात कळल्यावर गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होत नाही आणि रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळत नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली ही हकीकत मी आधी वाचली होती. या चित्रांत ती पाहिल्यावर माझ्या घशाला कोरड पडली. दहाएक वर्षांच्या मुलाबरोबर हे पुस्तक जरूर वाचा. शेजारी बसून वाचा, प्रश्न येतील.

बंगालमध्ये एका घराने तीन पिढ्या मुलांसाठी लिहिलं. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांना पुस्तकातल्या चित्रांची छपाई इतकी वाईट वाटली, की त्यांनी स्वतः ब्लॉक बनवायचं तंत्र अभ्यासलं आणि हाफटोनवरचे त्यांचे लेख इंग्लंडच्या छपाईविषयक वार्षिकात छापून आले. 1913 साली त्यांनी ‘संदेश’ मासिक काढलं. मुलगा सुकुमार राय यांच्या विलक्षण कवितांचं ‘आबोल ताबोल’ 1923 साली प्रसिद्ध झालं, पण ते छापील रूपात पाहायला सुकुमार उरले नाहीत. काही दिवस आधीच गेले होते. बंद पडलेलं ‘संदेश’ नातू सत्यजित यांनी 1961 साली पुन्हा सुरू केलं आणि त्याच मासिकात 1965 साली फेलूदा जन्मला. हा गुप्तहेर अशोक जैन यांच्या भाषांतरातून मराठीत आहे. सुट्टीत बारा वर्षांच्या मुलाला द्या आणि जेवायला हाक मारून बघा!

केरळचे वैकोम मुहम्मद बशीर यांचं ‘पातुम्माची शेळी’ ही छोटी कादंबरी मोठ्यांसाठी. नातलगांनी गजबजलेल्या घरात लेखक विश्रांतीला येतो आणि बहिणीची शेळी त्याची स्वतःची छापील पुस्तकं खाऊन टाकते. इतकी प्रेमळ, इतकी गरीब आणि इतकी हसरी कादंबरी मला दुसरी माहीत नाही. मल्याळम येत नसेल तर इंग्रजीतून वाचा.

मराठीकडे वळते, आणि इथे मला आवर घालायला हवा. मारुती चितमपल्ली छत्तीस वर्षं वनखात्यात होते आणि आदिवासींकडून, धीवरांकडून, जुन्या ग्रंथांतून शब्द वेचत राहिले. बगळ्यांची वीण जिथे एकत्र होते ते सारंगागार, कावळ्यांची रात्रवस्ती ते काकागार. ‘रानवाटा’ आधी वाचा. मग व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’, वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झुंजीचं. अगदी लहान पुस्तक, एका संध्याकाळी संपतं आणि नंतर वर्तमानपत्र वाचताना आठवत राहतं. मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली ही बाई. सोवळ्याने झपाटलेले वडील, न सांगता घर सोडून जाणारा कवी नवरा, त्याचं धर्मांतर, ताटातूट, पुन्हा भेट, आणि या सगळ्यावर पसरलेलं तिचं मोकळं हसू. शाळेने न घडवलेलं मराठी गद्य किती देखणं असू शकतं ते त्यात दिसतं.

जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’मागे एक गंमत आहे, ती मुलांना जरूर सांगा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांना भाग घ्यायचा होता. पण नाव पाहून परीक्षक प्रभावित झाले तर? म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. कथा होती ‘कृष्णविवर’. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. आकाशातल्या ताऱ्यांची गणितं मांडणाऱ्या माणसाला आपली गोष्ट केवळ गोष्ट म्हणून उभी राहते का, हे पाहायचं होतं.

आणि ‘लीळाचरित्र’. बहुतेकांनी ते परीक्षेपुरतं ऐकलेलं असतं: मराठीतला पहिला गद्यग्रंथ, म्हाइंभट, सुमारे 1278. पण ते तयार कसं झालं ते पाहा. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्याने स्वामींना पाहिलं, ज्याच्याशी ते बोलले, त्या प्रत्येकाला गाठून विचारलं, ऐकलं, उतरवलं, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतलं. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत ग्रंथ हरवला तेव्हा स्वामींच्या पंथातल्या माणसांनी तो आठवणीतून पुन्हा उभा केला. कुणाला कोणती लीळा पाठ, कुणाला कोणती. नंतर तो सांकेतिक लिपीत शेकडो वर्षं जपला. आणि या ग्रंथात स्वामी लेकरांना एक गोष्ट सांगतात. कोणती? शेणाचं घर असलेल्या कावळ्याची आणि मेणाचं घर असलेल्या पाखराची. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. मराठी घरात जेवण भरवताना आजही जी सांगतात, तीच! हे मला प्रथम कळलं तेव्हा मी भाचीच्या आईला रात्री दहाला फोन केला. मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथात, सर्वज्ञ म्हणवल्या गेलेल्या पुरुषाच्या तोंडी, काऊचिऊ आहेत. लहान मुलांचं आहे ना? हो, आहे.

त्याच्याही मागे जायचं तर प्रतिष्ठानच्या हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ आहे, महाराष्ट्री प्राकृतातली, गोदावरीच्या काठची, शेतातल्या आणि अंगणातल्या माणसांची. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती मोठ्यांनी सावकाश वाचावी, एका दिवशी चार गाथा, जास्त नको.

पुस्तकं महाग पडतात, हे खरं आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं अजून परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रकथा फुकट वाचता येतात, छापताही येतात. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका वाचायला नुकतं लागलेल्या मुलासाठी घ्या; त्यातलं घर खरोखर घरासारखं आहे. आणि गावातलं ग्रंथालय, जिथे ‘स्मृतिचित्रे’ची प्रत हमखास मिळते आणि तिच्या शेवटच्या पानावर शिक्क्यांच्या तारखांची रांग असते.

चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या देवळात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला आणि 1207 साली त्यासाठी दान मिळालं, त्याची ही नोंद. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, कारण त्या गावकऱ्यांना कळायला हव्या होत्या: बाजारात घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी मठाला काय द्यायचं, तेलाच्या घाण्यांनी किती तेल द्यायचं. भुंग्यांच्या आणि मोराच्या गणितासाठी एका गावाने घाण्यावरचं तेल बाजूला काढून ठेवलं. गेल्या हिवाळ्यात मी आणि भाची तिथे गेलो होतो. तिने दगडावरच्या अक्षरांवरून डोळे फिरवले, तिला एकही ओळखू आलं नाही. मग तिने विचारलं, ते तेल दिव्यात घालत असतील का गं, आणि रात्री त्या ज्योती कुठल्या देवळात जमत असतील?